बी.एस्सी.नंतर परदेशात डॉक्टरकी : चार वर्षांची एमडी इथे चालेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

«मी २४ वर्षांची आहे. २०२० मध्ये बारावी झाले, पीसीबीला (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ५८ टक्के, खुला प्रवर्ग. त्याच वर्षी नीटला २१३ गुण होते. प्रवेश मिळाला नाही म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं, २०२३ मध्ये ६९ टक्क्यांनी. तेव्हापासून कराडमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर व्हायचं डोक्यातून जात नाही. एका सल्लागाराने सांगितलं की पदवीधरांना फिलिपाइन्समध्ये चार वर्षांत एमडी करता येते, जुनी नीट चालते, एकूण खर्च २८ लाख. जागा धरून ठेवायला महिनाअखेरपर्यंत ५० हजार भरायचे आहेत. वडील दोन एकर बागायतीवर कर्ज काढायला तयार आहेत. शिकून मला परत यायचंय, गावाकडेच दवाखाना टाकायचाय. माझं वय उलटलंय का? बी.एस्सी.चा काही उपयोग होईल का? आणि हे पैसे भरू का?»

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. पैसे भरू नका.

सल्लागाराने सांगितलेलं सगळंच खोटं आहे असं नाही. फिलिपाइन्समध्ये एमडीला (तिथली ही पहिलीच वैद्यकीय पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) पदवीधरांनाच घेतात, ती चार वर्षांची असते आणि तिच्यासाठी एनमॅट नावाची प्रवेश परीक्षा असते. अडचण पुढे आहे, तुम्ही पदवी घेऊन मुंबई विमानतळावर उतराल तेव्हाची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नियम काढले. त्यांत अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा आणि त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे एकूण ६६ महिने. चार वर्षांचे महिने होतात ४८. इथेच सहा महिने कमी पडतात, आणि ते नंतर कुठलाही कोर्स करून भरून काढता येत नाहीत. एमडीच्या आधी तिथे केलेली बी.एस. ही पदवी किंवा तुमचं बी.एस्सी. या हिशेबात धरलं जात नाही.

«आमचे विद्यार्थी आज सांगली-साताऱ्यात प्रॅक्टिस करतायत» असंही तुम्हाला सांगितलं गेलं असेल. ते खरं असू शकतं. १८ नोव्हेंबर २०२१ च्या आधी ज्यांनी प्रवेश घेतला त्यांना हे नियम लागू नाहीत, आणि आज दवाखाने थाटून बसलेले बहुतेक जण त्याच काळातले आहेत. त्यांचा दाखला तुमच्या कामाचा नाही. सल्लागाराला एवढंच विचारा : २०२२ नंतर चार वर्षांच्या एमडीला प्रवेश घेतलेल्या किती जणांची भारतात नोंदणी झाली, ते कागदावर दाखवा.

जुन्या नीटचंही तसंच. परदेशी वैद्यकीय प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं धरला जातो. तुमचा २०२० चा निकाल त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लागला होता, तो २०२३ च्या ऑक्टोबरात संपला. २१३ गुणांनी तेव्हा तुम्ही पात्र होतात, आज त्या कागदाला किंमत नाही. «आधी जा, नीट नंतर येऊन द्या» असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. पात्रता प्रवेशाच्या आधीची लागते. प्रवेश घेऊन वर्षभराने नीट पास झालं तर मधलं वर्ष आणि त्यावरचा खर्च वाया जातो.

आता बी.एस्सी.च्या उपयोगाबद्दल. इथे दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या कराव्या लागतील, कारण सल्लागार मंडळी त्या मुद्दाम एकत्र करतात.

पदवीधरांसाठीचे चार वर्षांचे वैद्यकीय अभ्यासक्रम जगात आहेत आणि ते उत्तम आहेत. ब्रिटनमध्ये वॉरिक आणि स्वॉन्झी, आयर्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स, युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन, कॉर्क, लिमरिक. ऑस्ट्रेलियात मेलबर्न, सिडनी, क्वीन्सलँड. यांत विज्ञानाची पदवी आणि लॅबचा अनुभव यांना खरोखर वजन असतं. ब्रिटनसाठी यूकॅस या केंद्रीय संस्थेमार्फत अर्ज करायचा, वैद्यकीयसाठी मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर, म्हणजे प्रवेशाच्या जवळजवळ अकरा महिने आधी. पाचपैकी चारच पर्याय वैद्यकीयचे देता येतात. यूकॅट ही परीक्षा जुलै ते सप्टेंबरदरम्यान होते. काही ठिकाणी तिच्याऐवजी गॅमसॅट लागते. ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये होते आणि तिचा निकाल चार वर्षं चालतो. तुमची पदवी तीन वर्षांची असल्याने प्रत्येक विद्यापीठाला ती चालते का हे वेगळं विचारावं लागतं. परदेशी विद्यार्थ्यांना कोणत्या जागा खुल्या आहेत हेही दरवर्षी बदलतं. अमेरिकेत तर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं परदेशी अर्जदार घेतच नाहीत. जी घेतात त्यांतल्या अनेकांना तिथल्या महाविद्यालयात केलेला काही अभ्यास हवा असतो, आणि काही जण चार वर्षांची फी आधीच एका वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतात.

पण या सगळ्या देशांत खर्च कोटीच्या वर जातो, आणि हेही अभ्यासक्रम चारच वर्षांचे. ५४ महिन्यांची अट पदवी वॉरिकची आहे की मनिलाची हे पाहत नाही. जो तिथेच परवाना घेऊन तिथेच राहणार आहे त्याच्यासाठी हा रस्ता चांगला. जुन्या मेडिकल कौन्सिलच्या काळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर पदव्यांना परदेशी पदवीधरांसाठीच्या इथल्या चाळणी परीक्षेतून (एफएमजीई) सूट मिळाली होती, तिचा हवाला अजूनही दिला जातो. त्या भरवशावर दहा वर्षांचा बेत आखू नका. तुम्हाला गावाकडे दवाखाना टाकायचाय, म्हणून तुमच्यासाठी बी.एस्सी. वर्षं वाचवत नाही. वाईट वाटेल, पण हे आज कळलेलं बरं. बी.एस्सी. तुम्हाला पहिल्या-दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन आणि विकृतिशास्त्रात हात देईल. जिवाणू ओळखायचा ग्रॅमचा रंग कसा चढतो हे ज्याने रोज हाताने केलंय त्याला ते पाठ करावं लागत नाही.

तेव्हा परत यायचं असेल तर सहा वर्षांचे किंवा पाच अधिक एक असे अभ्यासक्रमच पाहायचे. त्यातही फक्त महिने मोजून भागत नाही. नियमांतल्या बाकीच्या अटी एकेक करून पाहा, कारण प्रत्येकीत कुणी ना कुणी अडकलेलं आहे.

इंटर्नशिपचे बारा महिने त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवेत. «शेवटचं वर्ष भारतातल्या रुग्णालयात करून देतो, घरी राहता येईल» ही ऑफर ऐकायला गोड आहे, आणि घेतली तर पदवी इथे बाद. नियमात शब्द असे आहेत की शिक्षणाचा आणि इंटर्नशिपचा कोणताही भाग भारतात किंवा पदवीच्या देशाबाहेर झालेला चालत नाही. याच कारणाने मध्येच दुसऱ्या विद्यापीठात बदली घेणंही चालत नाही. परत आल्यावर भारतात पुन्हा बारा महिन्यांची इंटर्नशिप असते, ती वेगळी.

माध्यम इंग्रजी हवं. जर्मनीत शिक्षण शुल्क जवळजवळ नसतं म्हणून अनेक जण तिकडे पाहतात, पण तिथे वैद्यकीय शिक्षण जर्मनमधून होतं. त्यामुळे परत येणाऱ्याला ते उपयोगी नाही. रशिया, कझाकस्तान, जॉर्जिया इथे कागदावर इंग्रजी माध्यम असतं. तरी चौथ्या वर्षापासून वॉर्डात रुग्ण स्थानिक भाषाच बोलतो. ज्या मुलांनी पहिल्या दोन वर्षांत ती भाषा शिकून घेतली नाही ती राउंडला मागच्या रांगेत उभी राहतात, रुग्णाची हिस्टरी एकदाही स्वतः घेत नाहीत, आणि ते पुढे परीक्षेत कळतं. काही ठिकाणी आधी सहा-आठ महिने भाषेचा वर्ग असतो. तो ५४ महिन्यांत धरायचा नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते परवान्याच्या अटीकडे. ज्या देशाची पदवी, त्या देशात तिथल्या नागरिकाला जसा प्रॅक्टिसचा परवाना मिळतो तसाच तुम्हाला मिळायला हवा. काही देशांत परदेशी विद्यार्थ्याला पदवी देतात, पण प्रॅक्टिस फक्त नागरिकांना. माहितीपत्रकात हे नसतं.

आणि हे सगळं प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पूर्ण व्हायला हवं.

हे पडताळायचं कसं? «आयोगाने मान्यता दिलेलं विद्यापीठ» असं छापलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका. आयोग परदेशी महाविद्यालयांची मंजूर यादी काढत नाही. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये नाव आहे म्हणजे मान्यता आहे असंही नाही. तिथे संस्थेच्या पानावर प्रायोजकांच्या टिपा म्हणून वेगळा भाग असतो. त्यात कोणत्या वर्षांच्या पदवीधरांना अमेरिकेच्या प्रमाणपत्रासाठी पात्र धरतात ते असतं, तो भाग उघडून वाचा. उलट धोक्याचे इशारे आयोग स्वतः देतो. मे २०२५ मध्ये बेलीझमधल्या तीन आणि उझबेकिस्तानातल्या एका संस्थेबद्दल असा इशारा दिला होता. संकेतस्थळावरच्या सूचना अर्ज करण्याआधी चाळून घ्या.

खरं उत्तर मिळतं ते विद्यापीठाच्या निबंधकाला स्वतः ईमेल लिहून. सल्लागाराला मध्ये घालू नका, आणि पत्ता विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, कुठल्या जीमेलचा नको. साध्या इंग्रजीत इतकंच विचारा : इंटर्नशिप सोडून अभ्यासक्रम किती महिन्यांचा आहे आणि त्याचं वर्षवार वेळापत्रक द्याल का, बारा महिन्यांची इंटर्नशिप तुमच्याच रुग्णालयात होते का, आणि तिथे किती खाटा आहेत, चौथ्या वर्षानंतर शिकवणं कोणत्या भाषेत होतं, आणि पदवीनंतर भारतीय नागरिकाला तुमच्या देशात स्थानिक नागरिकाइतकाच परवाना कोणत्या कायद्याने मिळतो. उत्तर लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. मग शेवटचा प्रश्न तेवढाच त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेला किंवा आरोग्य मंत्रालयाला वेगळा पाठवा, आणि तिथल्या भारतीय दूतावासाला त्याची प्रत द्या. दोन्ही उत्तरं जुळली तर पुढे जा. पंधरा दिवसांत विद्यापीठाने उत्तरच दिलं नाही, तर ते सहा वर्षांत तुमच्या प्रमाणपत्रांसाठी किती धावपळ करतील याचा अंदाज येतो.

कोणता देश, याबद्दल. अभ्यासक्रम भारताच्या सगळ्यांत जवळचा बांगलादेश आणि नेपाळचा. तीच पुस्तकं, तसेच रुग्ण, तेच आजार. नेपाळमध्ये तिथली वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि फी परवडणारी नाही. बांगलादेशात पाच वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप असं बसतं, पण बारावीनंतर किती वर्षांचा खंड पडलेला चालतो यावर तिथे मर्यादा असते. २०२० ची बारावी तिथे अडेल, म्हणून अर्जाआधीच ते विचारून घ्या. शिवाय जुलै २०२४ मध्ये तिथल्या अशांततेमुळे हजारो भारतीय विद्यार्थ्यांना घाईघाईने परतावं लागलं होतं. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. बदली चालत नसल्यामुळे देशाची स्थिरता ही तुमच्यासाठी फीइतकीच महत्त्वाची आहे.

इटली फारसा कुणी सुचवत नाही, कारण तिथे सल्लागाराला कमिशन मिळत नाही. सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश आयमॅट या परीक्षेवर, ६० प्रश्न, १०० मिनिटं, बरोबर उत्तराला दीड गुण आणि चुकलं तर ०.४ वजा. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या जागा वेगळ्या आणि मोजक्या असतात, त्यामुळे चुरस मोठी. पण फी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्त्याही मिळतात. तुमच्यासारख्या विज्ञान पदवीधराने ही परीक्षा निदान एकदा देऊन पाहावी असं आमचं मत आहे. तिथेही वरचे चार प्रश्न लेखी विचारायचेच.

आता नीट. इथे घाई न करता शांत बसून विचार करा, कारण तुमचं सगळं त्यावर उभं आहे. नीटला वयाची कमाल मर्यादा नाही. बारावीला पीसीबीत खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात, तुमचे ५८ आहेत. परीक्षा साधारणपणे मेच्या पहिल्या रविवारी असते. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार, चुकीला एक वजा. त्यातले ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती. हिशेब करून पाहा : जीवशास्त्राचे ६० प्रश्न बरोबर आणि २० चूक आले तरी २२० गुण होतात. म्हणजे परदेशी प्रवेशापुरती पात्रता तुमच्यासाठी अवघड नाही.

पण १४४ वर नजर ठेवून अभ्यास करू नका. पदवीधरांचं नीटमध्ये बिनसतं ते बहुतेक भौतिकशास्त्रात, कारण पाच-सहा वर्षांत सदिश, गती, विद्युतचुंबकत्व यांचा संबंध सुटलेला असतो. लॅबची नोकरी न सोडता सकाळचे दोन तास भौतिकशास्त्राला आणि संध्याकाळी एक तास रसायनशास्त्राला द्या. जीवशास्त्र एनसीईआरटीच्या दोन पुस्तकांतून ओळ न ओळ. तिथे बी.एस्सी.चं ज्ञान कधीकधी आड येतं, कारण तुम्हाला जास्त माहीत असतं आणि प्रश्न पुस्तकातल्या वाक्यावर असतो. २०२४ पासून अभ्यासक्रमातून काही धडे वगळलेत, म्हणून २०२० च्या नोट्स जशाच्या तशा वापरू नका.

गुण चांगले आले तर आधी इथलाच दरवाजा ठोठावा. महाराष्ट्राच्या राज्य कोट्याच्या केंद्रीय फेऱ्यांत अर्ज करा. खासगी महाविद्यालयांची फीसुद्धा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. शिवाय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही खुल्या प्रवर्गात आहात. तहसील कार्यालयातून आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र निघतं का ते वडिलांना आताच पाहायला सांगा. एक पदवी आधीच हातात असताना ही माफी लागू होते का, हे ज्या महाविद्यालयाचा विचार कराल तिथल्या शिष्यवृत्ती विभागाकडून लेखी घ्या. हे जमलं तर परदेशाच्या २८ लाखांचा विषयच संपतो.

वयाचं म्हणाल तर तोंडी आकडेमोड करू. पुढच्या मेमध्ये नीट, सप्टेंबरात परदेशी प्रवेश, तेव्हा तुम्ही २५ च्या आसपास. सहा वर्षं, म्हणजे ३१. मग एफएमजीई आणि भारतातली एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे ३२-३३ ला महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत कायम नोंदणी. वय उलटलेलं नाही. पण लग्न, आईवडिलांचं वय, कर्जाचे हप्ते या सगळ्या गोष्टी याच सात-आठ वर्षांत येतात. घरात बसून ही वर्षं कागदावर मांडून बोला.

एफएमजीई म्हणजे परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा. तिच्या जागी येऊ घातलेली नेक्स्ट ही नवी परीक्षा सुरू होईपर्यंत हीच. साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, १५० आले की पास, चुकीला गुण वजा होत नाहीत. तरीही जून २०२५ मध्ये ३६ हजारांहून अधिक बसले आणि १८.६१ टक्के पास झाले. पाचातला एकही धड नाही. याचं कारण प्रश्नांची काठिण्यपातळी एवढंच नाही. तिथे विषय वर्षावर्षाने संपवतात, पहिल्या वर्षीची शरीररचना सहाव्या वर्षी कुणी विचारत नाही, आणि इथे एका दिवसात सगळे विषय एकदम समोर येतात. म्हणून पहिल्या वर्षापासून भारतीय पुस्तकं आणि प्रश्नसंच सोबत ठेवायचे. शेवटच्या सहा महिन्यांच्या क्लासवर भिस्त ठेवायची नाही.

कागदपत्रांत सगळ्यांत जास्त त्रास नावाचा होतो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. समजा गुणपत्रिकेवर «पाटील स्नेहल दिलीप» आहे. परदेशी विद्यापीठाचा कारकून ते डावीकडून वाचतो आणि «पाटील» हे नाव, «दिलीप» हे आडनाव समजून प्रवेशपत्र काढतो. पासपोर्टवर मात्र आडनाव पाटील. व्हिसाला इथेच प्रश्न उठतो. तिथून निभावलं तरी सहा वर्षांनी पदवी त्याच उलट्या नावाने छापून येते आणि एफएमजीईच्या अर्जात अडकते. प्रत्येक अर्ज पासपोर्टसमोर ठेवून, त्यातल्या दोन रकान्यांप्रमाणेच भरा. प्रवेशपत्र आलं की पहिल्याच दिवशी नावाची अक्षरं तपासा आणि चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून मागा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. बारावीची गुणपत्रिका, बी.एस्सी.ची पदवी आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट यांवर राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का) लागतं. ट्रान्सक्रिप्टला आठवडे लागतात, ती आजच मागवा. पदवीचं प्रमाणपत्र अजून दीक्षान्त समारंभाविना पडून असेल तर तेही काढा. प्रवेश ठरल्यावर, निघण्याआधी, पात्रता प्रमाणपत्राचा वेगळा अर्ज लागतो का ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा.

राहिला पैसा आणि वडिलांची जमीन. शेतजमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज द्यायला बँका सहसा तयार होत नाहीत, कारण वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. सातबारा घेऊन गेलात तर शाखाधिकारी घर, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव मागेल. मग कुणीतरी «जमीन विकून टाका» किंवा खासगी सावकाराचं नाव सुचवतं. ते करू नका. बागायत ही तुमच्या घराची रोजची भाकरी आहे, आणि सहा वर्षांच्या मध्ये काही बिनसलं तर परत यायला तीच जागा लागेल. साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागतं हे धरून चला आणि तारणाला काय आहे त्यावरून बजेट ठरवा.

२८ लाखांच्या आकड्यात काय काय आहे ते लिहून मागा. फी डॉलरमध्ये असते. जानेवारी २०२२ मध्ये डॉलर साधारण ७५ रुपयांना होता, तीन वर्षांत ८६ च्या आसपास गेला. वर्षाला सहा हजार डॉलर फी असेल तर साडेचार लाखांचे पाच लाख सोळा हजार झाले, फी एक डॉलरही न वाढता. वसतिगृह, जेवण, दरवर्षी व्हिसा वाढवणं, विमा, दोन वर्षांतून एकदा घरी येणं आणि एफएमजीईचा क्लास हे बहुतेक वेळा आकड्यात नसतं. फी भरायची ती बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावर, स्विफ्टची (परदेशी बँकेत पैसे पाठवल्याची) पावती घेऊन. सल्लागाराच्या खात्यावर किंवा रोख एक रुपयाही नाही. त्याची स्वतःची फी असेल तर पावती आणि प्रवेश न झाल्यास परताव्याची अट लेखी घ्या. वर्षात दहा लाखांवर रक्कम पाठवली की बँक वरच्या रकमेवर टीसीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापते, तो विवरणपत्र भरून परत मिळतो; बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर तो कापला जात नाही.

कर्ज घेतलंत तर हप्ते कधी सुरू होतात ते मंजुरीपत्रात नीट वाचा. बहुतेक बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सवलत असते. तुमच्या बाबतीत त्या एका वर्षात एफएमजीई असते आणि भारतातली इंटर्नशिप जेमतेम सुरू होते. एक प्रयत्न हुकला की इंटर्नशिप लागण्याआधीच हप्ता दारात उभा राहतो. शाखाधिकाऱ्याला आधीच सांगा की परदेशी वैद्यकीय पदवीधराला नोंदणीपर्यंत दोन वर्षं लागतात, आणि सवलतीचा काळ दोन वर्षांचा करून मंजुरीपत्रातच लिहून मिळतो का ते पाहा. तोंडी आश्वासन शाखाधिकाऱ्याची बदली झाली की संपतं. शिकत असताना दरमहा नुसतं व्याज भरलं तर शेवटी मुद्दल फुगत नाही. लॅबच्या पगारातून आता जे साठवाल ते याच कामी येईल.

सल्लागाराला उद्या एवढंच सांगा : नीटचा नवा निकाल येईपर्यंत पैसे भरणार नाही. जागा संपतील म्हणाला तर संपू द्या. आणि नीटचा अर्ज सुटला की नाव पासपोर्टवरच्या अक्षरांशी जुळवून मगच भरा. पासपोर्ट काढलेला नसेल तर बारावीची गुणपत्रिका सोबत घेऊन आधी तो काढा.